कुत्र्याचा पासपोर्ट



मागच्या वेळी आपण ‘सीमा’ या कल्पनेविषयी बोललो. व्याख्यान संपवून आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा एक गृहस्थ थांबले. वय आमच्याएवढंच. त्यांच्या मुलीला इंग्लंडात नोकरी लागलीय. मुलगी, जावई, नऊ वर्षांची नात, सगळे निघालेत. व्हिसा झाले, तिकिटं झाली. अडलं कुठं, तर घरातल्या कुत्रीपाशी. तिला दरवर्षी लस टोचलेली आहे. पण अंगात मायक्रोचिप नव्हती, म्हणून त्या लसी हिशेबात धरत नाहीत. आता चिप बसवायची, पुन्हा लस द्यायची, किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते तपासून घ्यायचं आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. ते म्हणाले, “सर, नात विचारते, ती आजारी नाहीये, तर तिला का थांबवतात? काय सांगू तिला?”

आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, तेव्हा सांगतो. ते आज आलेले दिसतात. तर आजचं व्याख्यान त्या नातीच्या प्रश्नावर आहे. प्रश्न लहान मुलीचा असला तरी उत्तराला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात पिसाळलेला कुत्रा ही काही गोष्टीतली चीज नव्हती. लंडनच्या रस्त्यांवर कुत्री पिसाळत होती, माणसं मरत होती. १८८५ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी एका मुलाला लस टोचून वाचवलं, तेव्हा इंग्लंडातूनही चावा झालेली माणसं पॅरिसला जाऊ लागली. पण लस माणसाला वाचवते; रोग कुत्र्यांमध्ये राहतोच. तेव्हा शेतकी खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी १८९७ मध्ये दोन कामं एकदम केली. एक, देशातल्या कुत्र्यांना तोंडाला मुसकं बांधण्याची सक्ती. दोन, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर बंधन. यातूनच पुढे सहा महिन्यांचं क्वारंटाइन पक्कं झालं.

१८९७ हे साल ऐकून पुण्याच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. त्याच वर्षी प्लेगच्या नावाखाली रँडसाहेबाचे सोल्जर इथल्या घरांत शिरत होते, माणसांना छावण्यांत नेत होते. आणि त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात सभ्य स्त्री-पुरुष कुत्र्याच्या मुसक्यावरून सरकारवर संतापले होते. दोन गोष्टी सारख्या आहेत असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं हा अपमान ठरेल. पण मुळातला प्रश्न एकच आहे. रोगाचं नाव घेऊन सत्ता आपल्या उंबऱ्याच्या आत किती येऊ शकते?

लाँगसाहेबाला शिव्या खूप बसल्या, पण त्याचा हिशेब बरोबर निघाला. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज गेला. १९१८ मध्ये तो परत आला. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांतून आला, असं मानलं जातं. १९२२ पर्यंत तो पुन्हा हटवला गेला. तेव्हापासून इंग्रज माणसाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. समुद्र हा आपला खंदक आहे आणि सहा महिने हे त्या खंदकावरचं दार आहे.

सहा महिनेच का? कारण रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच दिसत नाही. आठवडे जातात, कधी महिने जातात. त्या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. म्हणजे नातीचं ‘ती आजारी नाहीये’ हे वाक्य डॉक्टरलाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. ज्याची खात्री करता येत नाही त्याला वेळच्या हवाली करायचं, हा जुना उपाय. क्वारंटाइन या शब्दाचं मूळच इटालियन भाषेतल्या ‘चाळीस दिवस’ या अर्थाच्या शब्दांत आहे.

पण वेळेची खात्रीही पूर्ण नसते. १९६९ मध्ये जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिन्यांचं क्वारंटाइन पुरं करून सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली गावी घरी आला आणि काही दिवसांतच पिसाळला. दोघांना चावला. ती माणसं वाचली. पण आसपासच्या रानातले कोल्हे आणि इतर जनावरं बंदुका घेऊन मारली गेली. पुढच्याच वर्षी न्यूमार्केटला असाच दुसरा प्रकार घडला. सरकारने चौकशी समिती नेमली, १९७४ मध्ये रेबीजचा स्वतंत्र कायदा झाला, बंदरांवर इशाऱ्याच्या पाट्या लागल्या. नियम आणखी घट्ट झाला.

या नियमाचा जाच कुणाला झाला? पैसेवाल्यांनी वाटा काढल्या. १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर लंडनला आली, तेव्हा तिच्या कुत्र्यांना जमिनीवर उतरता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी थेम्स नदीत एक भाड्याची बोट उभी केली होती! १९९७ मध्ये हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी आपली व्हिस्की आणि सोडा ही दोन कुत्री क्वारंटाइनमध्ये घालण्याऐवजी फ्रान्समधल्या घरी ठेवली. बोट आणि फ्रान्समधलं घर परवडत नसे त्याने काय करावं? त्याने हजार पौंडांहून अधिक खर्च करावा आणि सुट्टीच्या दिवशी जाळीबाहेरून आपल्या कुत्र्याला भेटून यावं. म्हातारी कुत्री आतच मरत. तो वियोग खरा होता. त्याला हसण्याचं कारण नाही.

आता गंमत बघा. हा नियम शेवटी बदलला तो कुत्र्यांमुळे कमी आणि कोल्ह्यांमुळे जास्त. युरोपात रेबीज टिकून होता तो रानातल्या कोल्ह्यांमध्ये. कोल्ह्याला धरून सुई कोण टोचणार? १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या मुंडक्यांमध्ये लस घालून ती मुंडकी रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि त्यांना संरक्षण मिळालं. पुढे हाच मार्ग इतर देशांनी धरला. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ मध्ये उघडला, तेव्हा फ्रान्सचे कोल्हे त्यातून चालत येतील अशी भीती होती आणि जनावरं अडवायला बोगद्यात विजेचे अडथळे बसवले होते. पण त्याच काळात पलीकडचा कोल्हा हळूहळू निर्धोक होत होता. शेजारी सुधारला की आपली भिंत उंच ठेवण्याचं कारण संपतं.

मग प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीने १९९८ मध्ये सांगितलं, की कोठडीऐवजी पुरावा मागा. २८ फेब्रुवारी २००० पासून नवी योजना लागू झाली. चिप, लस आणि रक्ताची तपासणी. थांबायचं होतंच, पण पिंजऱ्यात नव्हे, आपल्याच घरी. २००४ पासून युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी एक पुस्तिका आणली, पाळीव प्राण्याचा निळा पासपोर्ट. २०१२ पासून ब्रिटननेही युरोपच्या सामायिक नियमाला जुळवून घेतलं. चिप, लस, एकवीस दिवस, झालं. भारतासारख्या यादीबाहेरच्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांनाही त्याच वर्षापासून कोठडी टाळण्याची सोय झाली. म्हणजे आमच्या या स्नेह्यांची कुत्री २०११ मध्ये निघाली असती, तर तिला सहा महिने पिंजऱ्यात काढावे लागले असते.

इथं आम्हाला, तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून, थोडं थांबावंसं वाटतं. १८९७ च्या नियमात पुरावा म्हणजे काळ होता. २००० नंतरच्या नियमात पुरावा म्हणजे कागद. आणि कागद म्हटला की पुढचा प्रश्न येतोच. सही कुणाची?

या प्रश्नाचं उत्तर १ जानेवारी २०२१ रोजी मिळालं. ब्रेक्झिटची संक्रमणाची मुदत आदल्या रात्री संपली आणि ग्रेट ब्रिटनमध्ये दिलेले कुत्र्या-मांजरांचे निळे पासपोर्ट युरोपात जाण्यासाठी निरुपयोगी झाले. त्या रात्रीत कुठलं कुत्रं पिसाळलं नव्हतं. लस तीच, चिप तीच, डॉक्टर तोच. तरी आता प्रत्येक प्रवासाला नवं आरोग्य प्रमाणपत्र हवं. त्यावर अधिकृत पशुवैद्याची सही, सहीपासून दहा दिवसांच्या आत युरोपात प्रवेश, आणि तिथं पुढच्या फिरण्यासाठी तेव्हा चार महिन्यांची मुदत होती. एका प्रमाणपत्राला शंभर-दोनशे पौंड सहज जातात. आधी कुत्र्याला घेऊन ऊठसूट फ्रान्सला जाणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हा खर्च दर वेळी.

लोकांनी काय केलं? फ्रान्समध्ये घर असलेल्यांनी तिथल्या पशुवैद्याकडून फ्रेंच पासपोर्ट करून घेतले, आणि ते दोन्हीकडे चालत. पुन्हा तीच थेम्समधली बोट! कुत्रं एकच, त्याच्या पुस्तिकेवर इंग्रज डॉक्टरची सही असली तर ती फुकट आणि फ्रेंच डॉक्टरची असली तर ती ग्राह्य. यावरून काय दिसतं? ही तपासणी कुत्र्याच्या रक्ताची उरली नव्हती, दोन सरकारांच्या नात्याची झाली होती. उत्तर आयर्लंडमध्ये तर एकाच राज्याच्या दोन भागांमध्ये कुत्र्याचे कागद हा वाद झाला. जून २०२५ मध्ये तिथल्यासाठी आयुष्यभर चालणारा एक मोफत प्रवासी कागद सुरू झाला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात प्राण्यांच्या प्रवासाचे नियम पुन्हा सोपे करण्याची दिशाही जाहीर केली. नातं सुधारू लागलं की कागद पातळ होतो.

आणि नातं माणुसकीचं असेल तर कागद बाजूलाही ठेवता येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. लोक लेकरांबरोबर कुत्री-मांजरं उचलून निघाले. युरोपातल्या कित्येक देशांनी कागदांची अट सैल केली. ब्रिटनने विलगीकरण ठेवलं, पण त्याचा खर्च सरकारने उचलला. आपल्याकडेही केंद्र सरकारने तिथून परतणाऱ्या भारतीयांना पाळीव प्राणी आणण्यासाठी एकदाची सवलत दिली, आणि काही विद्यार्थी आपापली जनावरं घेऊन परतले.

आता कुणी म्हणेल, मग हे सगळं राजकारणच, रोग वगैरे निमित्त. नाही, तसं नाही. एप्रिल २००८ मध्ये श्रीलंकेतून आणलेलं एक पिल्लू लंडनच्या क्वारंटाइन केंद्रात रेबीजने मेलं. ते केंद्र होतं म्हणून रोग दारातच अडला. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळपास सुटका नसते. आणि हे सांगताना आपली मान खाली जाते, कारण जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात लहान मुलं फार. ज्या लसीचा शोध १८८५ मध्ये लागला, ती वेळेत न मिळाल्यामुळे एकविसाव्या शतकात मुलं मरतात.

तेव्हा त्या यादीवर रागावण्याआधी आपण तिच्याकडे आरशासारखं बघावं. हा आरसा बदलता येतो, हे आपल्या शेजारी गोव्याने दाखवलं आहे. तिथं पशुवैद्यांनी आणि स्वयंसेवकांनी जाळी घेऊन, गल्लोगल्ली फिरून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. शाळांतून मुलांना शिकवलं. काही वर्षांत माणसांचे मृत्यू जवळजवळ थांबले. स्वित्झर्लंडचा कोल्हा आणि म्हापशाचा भटका कुत्रा यांची गोष्ट एकच आहे. ज्याला कुणी मालक नाही त्याचीही काळजी घेतली, तेव्हाच ज्याला मालक आहे त्याच्यावर जगाने विश्वास ठेवला.

सीमेवर कोणीच एकटा उभा नसतो, हे आम्हाला यातून कळतं. तुमच्या घरच्या कुत्रीला लस दिलेली असेल, ती गादीवर झोपत असेल. तरी सीमेवर तिच्यामागे आपल्या गावातली सगळी कुत्री उभी असतात, आणि आपली नगरपालिका, आपला दवाखाना, आपल्या डॉक्टरची सही. पासपोर्ट मिळतो एकाला, पण त्याची किंमत ठरते सगळ्यांवरून. माणसाच्या पासपोर्टाचंही तसंच आहे, हे व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

तर नातीला सांगा, बाळ, ती आजारी नाही. पण आपल्या गल्लीतली बाकीची कुत्री आजारी पडणार नाहीत याची हमी आपण मोठ्या माणसांनी अजून कुणाला देऊ शकलेलो नाही. म्हणून तिला तीन महिने थांबावं लागतंय. तिची चूक नाही, आपली उधारी आहे. तोवर ती आजोबांकडे राहील, आणि आजोबा तिला रोज फिरायला नेतील. त्या फेरफटक्यात दाराबाहेरच्या दोन-चार भटक्यांना लस टोचली गेली आहे की नाही, हेही आजोबांनी बघावं. तेवढीच उधारी कमी होईल.