वाट पाहणारी घरे

दिवाळीला घरी येणाऱ्या मुलाची एस.टी. चुकते, तो दोन तास उशिरा पोचतो, आणि तेवढ्यात घरातली म्हातारी दहा वेळा अंगणात जाऊन फाट्याकडे पाहून येते. हे तुमच्याही घरात घडते, माझ्याही घरात घडते. आता अशी कल्पना करा, की ही वाट दोन तासांची नसून दोन वर्षांची आहे. पाचाची आहे. पंधराची आहे. एकाच कुटुंबातली माणसे समुद्राच्या दोन तीरांवर बसली आहेत, दोन्हीकडे चूल पेटते आहे, आणि मधे उभा आहे एक कागद. त्याला आज आपण व्हिसा म्हणतो. परक्या देशात पाऊल टाकण्याचा परवाना.

या कागदाची वाट पाहणाऱ्या घरांची गोष्ट मला सांगायची आहे. ती आजकालची नाही, तिला शंभरावर वर्षे झाली. तिच्या सुरुवातीसाठी आपल्याला जावे लागेल पंजाबात, आणि तिथून थेट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर नावाच्या बंदरात.

१९०४ ते १९०८ या चार-पाच वर्षांत सुमारे पाच हजार हिंदी माणसे कॅनडाच्या त्या टोकाला उतरली. बहुतेक सगळे पंजाबातले शीख. कुणी पलटणीतून सुटलेले, कुणी जमीन गहाण टाकून आलेले. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर ते राबत. सगळे पुरुष. बायकापोरांना आधी कुठे न्यायचे? आधी आपण जाऊ, चार पैसे गाठीला बांधू, मग घर उचलून आणू, असा साधा हिशेब. आपल्या कोकणातला चाकरमानी मुंबईला निघताना याहून निराळा हिशेब करीत होता असे नाही.

पण हिशेब पुरा व्हायच्या आतच दार लागले. ८ जानेवारी १९०८ रोजी कॅनडाच्या सरकारने हुकूम काढला, की परदेशातून येणाऱ्याने आपल्या जन्मदेशाहून, तिथेच काढलेल्या सलग तिकिटावर, मधे कुठे खंड न पडता आले पाहिजे. वाचताना किती निरुपद्रवी वाटते पाहा! हुकुमात हिंदुस्थानचे नाव नाही, शिखांचे नाव नाही. पण हिंदुस्थानातून असे सलग तिकीट मिळण्याची सोयच नव्हती, आणि ते विकले जाऊ नये अशीही तजवीज केली गेली. पुढे त्याच वर्षी आणखी एक अट आली: आशियातून येणाऱ्याच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. गिरणीतल्या मजुराला दिवसाकाठी दीड-दोन डॉलर मिळत, त्या काळातले दोनशे डॉलर. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगतो, की कायद्यात काय लिहिले आहे ते वाचाच, पण त्या कायद्यात कोण अडकतो तेही मोजा.

एवढ्यावर हजारोंच्या घरांची दोन तुकडे झाली. जो आत होता तो आतच राहिला, बाहेरची बाहेर.

भागसिंग आणि बलवंतसिंग हे दोघे व्हँकूव्हरच्या गुरुद्वाराच्या कारभारातले. बलवंतसिंग तिथले ग्रंथी. दोघांना कॅनडात राहण्याचा हक्क होता. बायकामुलांना आणावे म्हणून दोघे मायदेशी आले, आणि परतीला निघाले ते कुटुंबासह. सलग तिकीट त्यांना मिळेना. महिन्यामागून महिने परक्या बंदरांत काढावे लागले, हाँगकाँगला बोटीसाठी ताटकळावे लागले. अखेर जानेवारी १९१२ मध्ये ही मंडळी व्हँकूव्हरला पोचली. धक्क्यावर काय निकाल झाला? नवऱ्यांनी आत यावे, ते इथले रहिवासी. बायकामुलांनी परत जावे, त्या नवीन आलेल्या!

त्या दोन बायकांची नावे हरनाम कौर आणि कर्तार कौर. जामीन देऊन त्यांना तात्पुरते उतरवून घेतले, आणि मग काही महिने अर्जविनंत्या, सभा, वकील. शेवटी सरकारने त्यांना राहू दिले, पण कसे? हक्क म्हणून नव्हे, दयेची बाब म्हणून. आणि याचा दाखला पुढे कोणी देऊ नये, अशी पुस्ती जोडून. म्हणजे दोन घरांना दार किलकिले झाले आणि बाकीच्यांच्या तोंडावर पुन्हा बंद. त्या वर्षी बलवंतसिंगांना मुलगा झाला. कॅनडात जन्मलेले पहिले शीख मूल म्हणून त्याचे नाव घेतात.

मग बाकीच्यांनी काय केले? इतकी वर्षे माणूस काढतो तरी कशी?

गिरणीच्या आवारात लाकडी चाळवजा बराकी असत. एकेका बराकीत वीस-तीस गडी. स्वयंपाकघर सामाईक, आचारी सगळ्यांनी मिळून ठेवलेला, खर्च वाटून. आपल्या गिरणगावातल्या खानावळी आणि गाळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. नवा आलेला गडी बेकार असला तर त्याला पंगतीत जागा मिळे. काम लागले की तो फेडी. १९०८ च्या जानेवारीतच व्हँकूव्हरला गुरुद्वारा उभा राहिला होता. तो देवाचे घर होताच, पण सुटीच्या दिवशी माणसे तिथे जमत, गावाकडच्या बातम्या मिळत, लिहिता येणारा न येणाऱ्याचे पत्र लिहून देई. निधी जमे, वकील ठरे. गुरुमुखीत छापलेले ‘स्वदेश सेवक’ नावाचे पत्रही त्यांनी तिथे चालवले. एकट्याने वाट पाहणे वेगळे आणि पाचशे जणांनी मिळून पाहणे वेगळे. पाचशे जणांचे गाऱ्हाणे झाले की ते सरकारदरबारी मांडता येते.

दुसऱ्या तीरावर काय चालले होते, याचे कागद मात्र फार थोडे. अर्ज पुरुषांनी केले, सभा पुरुषांनी गाजवल्या. जालंधर-होशियारपूरच्या खेड्यात राहिलेल्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेले सहसा सापडत नाही. नवऱ्याच्या पैशातून जमीन सुटते, नवे घर उठते, गावात मान वाढतो. आणि त्या घरात ती सासू-सासऱ्यांच्या, दिरांच्या हाताखाली. मूल बापाला फोटोतून ओळखते. नवऱ्याला वाटले म्हणून तो सहज येऊन जाईल, तर तेही अवघड. ठरल्या मुदतीत परतला नाही तर तिकडचा हक्क बुडणार. इतिहासकाराने अशा ठिकाणी फार बोलू नये हे मला कळते. तरी रत्नागिरीकडच्या आयाबहिणींना विचाराल, तर त्या न शिकता या प्रकरणावर एक अध्याय सांगतील.

हिंदी लोकांनी गाऱ्हाणे कुठे कुठे नेले! आधी कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला. तिथे गोड बोलून पाठवणी झाली. १९१३ साली तिघांचे शिष्टमंडळ लंडनला आणि तिथून हिंदुस्थानात आले. त्यात हेच बलवंतसिंग होते. मागणी साधी: साम्राज्याचे प्रजाजन म्हणून आम्हाला आमची बायकामुले आणू द्या. पदरात काही पडले नाही. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ ही जपानी बोट ३७६ उतारूंना घेऊन व्हँकूव्हरला आली. दोन महिने ती बंदरात अडकून पडली, आणि थोड्यांना उतरवून बाकी सगळ्यांना परत हाकलले. ही कथा तुम्ही ऐकली असेल. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत तिची माफी मागितली ती २०१६ साली.

अर्ज करून करून थकलेल्यांपैकी बरेच जण याच सुमारास गदर चळवळीकडे वळले. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे शिक्षणासाठी अमेरिकेला गेले होते, ते याच चळवळीत शिरले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेले. ज्या दोघांच्या बायकांना दयेने उतरू दिले होते, त्यांचे काय झाले? भागसिंगांना सप्टेंबर १९१४ मध्ये व्हँकूव्हरच्या गुरुद्वारातच गोळी घातली गेली. बलवंतसिंगांना १९१७ साली लाहोरला फाशी झाली. इतक्या खटपटीने जुळलेला संसार किती दिवसांचा, ते तुम्हीच मोजा.

महायुद्धात हिंदी शिपायांनी रक्त सांडले, तेव्हा साम्राज्याला थोडी लाज वाटली. १९१८ साली लंडनच्या साम्राज्य परिषदेत ठराव झाला, की वसाहतींत कायम राहणाऱ्या हिंदी माणसाला आपली पत्नी आणि अज्ञान मुले आणू द्यावीत. अटी दोन: पत्नी एकच, आणि ती कायदेशीर पत्नी व मुले त्याचीच असल्याचा हिंदुस्थान सरकारचा दाखला. कॅनडाने १९१९ साली तसा हुकूम काढला. अकरा वर्षांनी दार उघडले!

उघडले खरे, पण आता दाखला आणायचा कुठून? लग्न लागले त्याला सारा गाव साक्षी, पण कागद कुठे आहे? शिखांच्या विवाहविधीला मान्यता देणारा आनंद विवाह कायदा १९०९ साली झाला होता, पण त्यात नोंदणीची तरतूदच नव्हती. ती आली २०१२ च्या दुरुस्तीने. दाखले देण्याची सरकारी घडी बसायला आणखी काही वर्षे गेली. दक्षिण आफ्रिकेतही थोडे आधी हेच घडले होते. १९१३ साली तिथल्या एका न्यायाधीशाने निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न लागलेले, नोंद नसलेले लग्न मान्य नाही. एका वाक्याने हजारो संसार बेकायदा ठरले. कस्तुरबा आणि इतर स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या त्या यावर, आणि १९१४ च्या कायद्याने तो अन्याय दूर झाला.

काळ मात्र कागदासाठी थांबत नाही. १९०८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९१९ साली एकवीस वर्षांचा झाला होता. ‘अज्ञान मुले’ या दोन शब्दांत तो बसेना. पुष्कळ जण कंटाळून परतले. ब्रिटिश कोलंबियात १९११ च्या सुमारास दोन हजारांवर हिंदी होते, ते १९२१ पर्यंत हजाराच्या आसपास उरले. खाली कॅलिफोर्नियात तर १९१७ च्या कायद्याने दार पुरते लागले. तिथल्या काही पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने करून नवे संसार थाटले. त्यांतल्या काहींची पहिली बायको पंजाबात वाट पाहत होती. दोष कोणाला द्यावा, हे मला ठरवता येत नाही.

तिथून आजपर्यंतचा रस्ता लवकर काटू. अमेरिकेने १९४६ साली हिंदी लोकांना दार उघडले, ते वर्षाला शंभर माणसांचे. १९६५ च्या कायद्याने वंशाचा निकष काढला आणि नातेसंबंधांना अग्रक्रम दिला. चांगले केले. पण त्याबरोबर देशवार मर्यादाही घातली, आणि १९९० पासून नियम असा आहे, की या मोजक्या परवान्यांपैकी कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त मिळायचे नाहीत. नागरिकाची पत्नी वा पती, अज्ञान मुले, आईबाप यांना ही रांग नाही. पण भाऊबहिणींना आहे. त्यांच्यासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,०००, आणि त्यातच त्यांची बायकामुले. शंभर घरांच्या वाडीला आणि दहा हजारांच्या गावाला रेशनच्या दुकानात धान्य सारखेच, अशातला प्रकार. म्हणून भारतातल्या भावाबहिणीची रांग पंधरा वर्षांच्या पुढे जाते.

शिक्षक मंडळींना इथे एक सांगायचे आहे. आपल्याकडे खेड्यात निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला का, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पोर शाळेत घालायला आणले, आईला तिथी सांगता आली नाही, की गुरुजींनी अंदाजाने साल धरून १ जून लिहिले. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे आणि त्याच्या बहिणीचे नाव एकाच दिवशी शाळेत घातले. दोघांनाही एकच तारीख. बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिकडची नागरिक झाली आणि २००४ साली तिने भावासाठी अर्ज केला. पंधरा वर्षांनी, २०१९ मध्ये बोलावणे आले, तेव्हा पहिला प्रश्न: तुम्ही जुळे का? जुळे नव्हते, दोन वर्षांचे अंतर होते. प्रतिज्ञापत्रे झाली, गावातल्या म्हाताऱ्यांच्या सह्या झाल्या, आणि ते एकदाचे निभावले.

निभावले नाही ते थोरल्या मुलाचे. अर्ज केला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, बोलावणे आले तेव्हा अठ्ठावीसचा. एकविसाच्या पुढचे अपत्य बापाच्या परवान्यावर जात नाही. आईबाप आणि धाकटी बहीण गेली. थोरला जमिनीपाशी राहिला. बापाने तिकडे पोचल्यावर मुलासाठी वेगळा अर्ज केला, आणि त्या अर्जाची अट अशी, की मुलगा अविवाहित हवा. लग्न केले की अर्ज रद्द.

गेल्या दिवाळीत तो मला बाजारात भेटला. माझाच जुना विद्यार्थी, आता चौतिशीचा. हातात खताच्या पावत्या होत्या. म्हणाला, ‘‘सर, आई फोनवर विचारते, मुलगी बघू का? आणि बाबा लगेच मागून म्हणतात, थांब जरा.’’ मी विचारले, ‘‘तुझं काय म्हणणं?’’ तो हसला. ‘‘शेजारच्या गावातलं एक स्थळ आलंय. त्यांनी मार्गशीर्षापर्यंत वेळ दिलाय.’’