ऑर्वेलियन : आडनाव नसलेल्या आडनावाचं विशेषण

आज आपण एकाच शब्दाचा इतिहास पाहणार आहोत : 'ऑर्वेलियन'. चौकात कॅमेरा बसला की ऑर्वेलियन, सरकारचा निर्णय पटला नाही की ऑर्वेलियन. पण हा शब्द आला कुठून?

घडण सोपी आहे. 'अमक्याशी संबंधित' हे सांगणारा लॅटिन प्रत्यय इंग्रजीत 'इअन' होऊन आला. डार्विनचं डार्विनियन, तसं ऑर्वेलचं ऑर्वेलियन. गंमत पुढेच आहे. ऑर्वेल हे त्या लेखकाचं आडनाव नव्हतंच!

त्याचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. १९३३ साली पॅरिस आणि लंडनमधल्या दारिद्र्यावरचं त्याचं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा त्याने टोपणनाव घेतलं. सुचवलेल्या चार नावांतलं एक जॉर्ज ऑर्वेल, तेच ठरलं. ऑर्वेल ही सफोक परगण्यातली, इप्स्विचकडून समुद्राला मिळणारी नदी. म्हणजे विशेषणाच्या मुळाशी घराणं नाही, नदी आहे.

आता अर्थाकडे वळू. आपण 'गांधीवादी' म्हणतो, तेव्हा गांधीजींच्या वाटेने जाणारा, असंच समजतो. ऑर्वेलियनचं मात्र उलटं झालं. ज्या राजवटीविरुद्ध त्याने जन्मभर लिहिलं, तिलाच त्याचं नाव चिकटलं. कारण त्याची १९४९ ची कादंबरी, 'नाइन्टीन एटीफोर'. तिच्यात सत्य खातं खोटं रचतं, शांतता खातं युद्ध चालवतं, आणि जुनी वर्तमानपत्रं रोज नव्याने 'दुरुस्त' होतात.

म्हणून आम्हाला वाटतं, हा शब्द जपून वापरावा. नुसती पाळत म्हणजे ऑर्वेलियन नव्हे. शब्दांचे अर्थच फिरवून माणसाची विचार करण्याची सोय काढून घेणं, हे त्याचं मर्म. १९४६ च्या एका निबंधात ऑर्वेलनेच तक्रार केली होती, की 'फॅसिझम' या शब्दाला आता 'नको असलेली गोष्ट' यापलीकडे अर्थच उरलेला नाही.

त्याच्या स्वतःच्या नावाचं आज तेच होत चाललं आहे. १९५० साली तो गेला. सटन कोर्टनीच्या दफनभूमीतल्या दगडावर एरिक आर्थर ब्लेअर हेच नाव कोरलंय. ऑर्वेल उरला तो शब्दात. तो सांभाळणं आपल्या हाती आहे.