एकच पदवी, दोन पगार

हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की कुणाचा मुलगा अमेरिकेत किती डॉलर मिळवतो हे निघतेच. त्या डॉलरांचे रुपये करून आपण तोंडात बोट घालतो. तिथले घरभाडे नि भाजीचा भाव मात्र कुणी वजा करीत नाही. असो. देश बदलला की पगार बदलतो, हे आपण धरूनच चालतो. पण एकाच कॉलेजात, विलायतेचीच पदवी घेऊन, तेच काम करणाऱ्या दोघांचे पगार सरकारी नियमाने निराळे असत, ही हकीकत वाचनालयातल्या पुस्तकात वाचली तेव्हा मला चैन पडेना.

जगदीशचंद्र बोस केंब्रिजला शिकून आले आणि 1885 साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. इंग्रजाला जो पगार, त्याचा दोन-तृतीयांश हिंदी माणसाला, असा तेव्हा दंडक होता. शिवाय नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे हाती आला तिसरा हिस्सा! साहेब घरदार सोडून दूरदेशी येतो, त्याचा खर्च मोठा, असे त्याचे समर्थन करीत. बोसांनी काम सोडले नाही. रोज शिकवायला जात, फक्त पगाराला हात लावीत नसत. असे एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे चालले. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, आणि 1887 साली लग्नही झाले. पत्नी अबलाबाई मद्रासला वैद्यकी शिकायला गेलेली, कारण कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मुलींना घेत नव्हते. बिनपगारी घरात या नव्या सुनेने महिन्याची तोंडमिळवणी कशी केली असेल? पुस्तकात ते एका ओळीत उरकले आहे. आपल्याला पहिला प्रश्न तोच पडतो.

शेवटी सरकार नमले. बोसांना कायम केले आणि मागचा सगळा पगार पुरा चुकता केला. तो वडिलांच्या कर्जफेडीला गेला.

एकट्या बोसांचे काम झाले, एवढेच. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोची डी.एस्‌सी. घेऊन आले, तर 1889 साली त्याच कॉलेजात त्यांना महिना 250 रुपयांवर घेतले. पुढे 1896 साली शिक्षणखात्याचे दोन वर्गच पाडले. वरचा बहुतेक विलायतेत भरायचा, खालचा ‘प्रांतिक’ हिंदी लोकांचा.

आपल्या पुण्यात गोपाळराव गोखले फर्ग्युसन कॉलेजात महिना 75 रुपयांवर शिकवीत होते. पण ते त्यांनी आपखुशीने पत्करलेले. कुणी कातडीचा रंग पाहून कापलेले नव्हेत. 1912 साली सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, त्यात गोखले सभासद होते. त्याच कमिशनपुढे बोस आणि राय या दोघांनीही साक्षी दिल्या.

अबलाबाईंनी 1919 साली नारी शिक्षा समिती काढली. खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा उघडल्या, आणि विधवांना शिकवून त्याच शाळांतून पगारी शिक्षिका केले.