तळटीप ७ : मोटारहोममागे जोडलेली जीप

७. अमेरिकेत मोटारहोमने लांब फिरणारे बरेच जण मागे छोटी गाडी जोडून नेतात. मुक्कामी बाजारहाट आणि भटकंती तिच्यातून होते. मजकुरातली जीप रँग्लर चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढता येते, कारण तिचा ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. प्रत्येक गाडीला हे चालत नाही. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही; चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि तेलाअभावी गिअरबॉक्स निकामी होतो. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच गाडी अशी ओढावी.

जीप मोटारहोमला जोडणाऱ्या दांड्याखालून, म्हणजे टो-बारखालून, दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवतात. बार निसटला तरी त्याचे टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांवर तोलले जाते. जवळपास २ टनांची जीप उतारावर मोटारहोमला पुढे रेटते. तेव्हा तिला स्वतःचा ब्रेक लावणारे यंत्र हवेच, शिवाय जोड तुटताच तो ब्रेक आपोआप लावणारी केबलही. या खर्चात काटकसर करणे म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा जीव धोक्यात घालणे. जीपचे मागचे दिवे मोटारहोमच्या दिव्यांशी जोडलेले असावेत आणि निघण्यापूर्वी एकाने मागे उभे राहून ते तपासावेत.

मजकुरातले जोडपे पेट्रोल पंपावर अडकल्यावर आधी जीप सोडवते, त्याचे कारण असे : रिव्हर्स घेतल्यास जीपची पुढची चाके आडवी वळतात आणि टो-बार वाकतो. — संपादक