दीड ग्रॅमचा इतिहास

गेल्या महिन्यातली गोष्ट. आजोबांच्या कपाटातल्या एलपी मी घरी आणल्या होत्या. भीमसेनांची एक लावली आणि आजी म्हणाली, "अरे, हे असं फाटकं नव्हतं वाजत." तार सप्तकातली तान आली की खरंच खर्र होत होतं. आधी मी जुन्या रेकॉर्डला दोष दिला. दोष माझा होता, हे पुढे कळलं. पण आधी थोडा इतिहास.

आजोबांच्याही आधीच्या काळात, म्हणजे गौहर जाननं 1902 मध्ये कलकत्त्यात गाणी रेकॉर्ड केली तेव्हा, सुईवरच्या भाराची कुणाला फिकीर नव्हती. कर्ण्याच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा. वीज नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, त्यामुळे पडदा हलवायची सगळी ताकद खाचेतूनच यायची. लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हायची, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. म्हणजे झिजायचं काम सुईचं होतं, तबकडीचं नाही (निदान हेतू तरी तसा होता!).

जून 1948 मध्ये कोलंबियानं न्यूयॉर्कमध्ये व्हायनिलची एलपी दाखवली आणि हे गणित उलटं झालं. मऊ प्लास्टिक, बारीक खाच, मिनिटाला 33⅓ फेरे. आता सुई कठीण आणि तबकडी नाजूक. शंभर ग्रॅम टाकले असते तर खाच नांगरलीच गेली असती, म्हणून भार दहा ग्रॅमच्या आत आला. 1958 च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. खाचेची एक भिंत डाव्या आवाजाची, दुसरी उजव्या आवाजाची, त्यामुळे सुईला आडवं आणि उभं दोन्हीकडे हलणं आलं. मग हलक्या भाराची शर्यतच लागली. शुअरचं व्ही-15 हे कार्ट्रिज 1964 चं. पुढे त्या मालिकेनं एक-सव्वा ग्रॅमपर्यंत मजल मारली.

दीड ग्रॅम म्हणजे किती किरकोळ, असं वाटतं ना? पण हिऱ्याचं टोक खाचेच्या भिंतीला टेकतं ते काही मायक्रॉनच्या ठिपक्यावर. ढोबळ हिशेब मांडला तर दाब चौरस सेंटिमीटरला टनांत जातो.

आणि इथेच मी माती खाल्ली. कार्ट्रिजच्या कागदावर दीड ते दोन ग्रॅम लिहिलं होतं. मी शहाणपणा करून एकच ठेवला. जितका भार कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित, नाही का? नाही! भार कमी पडला की मोठ्या आवाजाच्या वळणावर सुईचा भिंतीशी संपर्क सुटतो, ती उसळून पुन्हा आदळते आणि खाचेला टोचे पाडते. योग्य भारानं झीज होते ती संथ. ही इजा मात्र कायमची. आजीला ऐकू आलं ते हेच.

मग भार मोजायचा काटा शोधायला बसलो. जुना मार्ग शुअर एसएफजी-2 सारखा: छोटी डांडी, एका टोकाला सुई टेकवायची, दुसऱ्या बाजूला वजन सरकवायचं. बॅटरी नको, काही नको. डिजिटल काट्यात स्ट्रेन गेज असतो. 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला. ताण आला की चिकटवलेल्या तारेचा रोध बदलतो, आणि तो बदल मोजायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी हेच केलं होतं, अर्थात आकडे मित्राच्या वहीतून उतरवून. असो.

घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. एक, पडद्यावर 0.01 दिसतं म्हणजे काटा तितका अचूक असतोच असं नाही, म्हणून सोबत तपासणीचं वजन हवं. दोन, ताटली आणि आसपासचा भाग लोखंडी नको. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, ते ओढलं गेलं तर आकडाही भरवशाचा नाही आणि सुईचीही धडगत नाही. तीन, सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्या पातळीलाच हवी, कारण आर्म वर उचलला की बऱ्याच आर्मवर भार बदलतो. सोनाराकडचा खिशातला काटा याच शेवटच्या अटीवर बाद झाला. तो चांगला दीड सेंटिमीटर उंच होता.

नव्या काट्यानं पहिल्यांदा मोजलं तर माझा 'एक ग्रॅम' 0.86 निघाला! टोनआर्म नीट समतोल न करताच मी आकड्याची चकती फिरवली होती. आता भार 1.80 वर आहे. बाकीच्या रेकॉर्ड स्वच्छ वाजतात. भीमसेनांची ती तान मात्र अजून फाटते, आणि ती फाटतच राहणार.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे. पुढची बाजू लाव."