उत्तरपत्रिका जहाजाने विलायतेला: रॉबर्ट स्टाउट आणि ‘योगदान’ नावाचा सापळा

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की शीर्षकात एक शब्द हमखास येतो: ‘अमुक यांचे शैक्षणिक योगदान’. हा शब्द जरा जपून वापरा. तो लिहिला की उत्तर आधीच ठरतं, आणि उरलेलं काम फक्त पुरावे गोळा करण्याचं राहतं. न्यूझीलंडच्या सर रॉबर्ट स्टाउट यांचं उदाहरण घेऊन बघू.

त्यांची नेहमीची ओळख अशी: स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर, लर्विक गावी 1844 मध्ये जन्म. स्थलांतरित वकील, वसाहतीचे प्रीमियर, सरन्यायाधीश, विद्यापीठाचे कुलपती. पण ‘स्थलांतरित वकील’ या दोन शब्दांपाशीच जरा थांबा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसले तेव्हा ते वकील नव्हतेच. शाळेत शिकवण्याचा अनुभव आणि जमीनमोजणीची पात्रता एवढंच गाठीशी होतं. ओटागोत तेव्हा सोन्याच्या खाणींची धामधूम होती. तिथे मोजणीचं काम मिळेना, म्हणून डुनेडिनमध्ये ते पुन्हा मास्तर झाले. मग एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली आणि 1871 मध्ये सनद मिळवली. त्याच वर्षी ओटागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. त्या पहिल्या विद्यार्थ्यांत स्टाउट होते, आणि दोनच वर्षांनी ते तिथे कायदा शिकवू लागले. म्हणजे वकील वसाहतीत आला नाही, वसाहतीतच घडला. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता ‘योगदाना’ची यादी करू. 1875 पासून संसदेत. 1878 मध्ये त्यांनी मांडलेल्या विधेयकात कर भरणाऱ्या स्त्रियांना मताधिकार देण्याची तरतूद होती. ते पास झालं नाही, पण 1893 मध्ये न्यूझीलंडच्या स्त्रियांना मत मिळालं, तेव्हाच्या लढ्यातही ते त्यांच्या बाजूने होते. 1884 ते 1887 या काळात ते प्रीमियर होते (मध्ये काही दिवसांचा खंड सोडून). वेलिंग्टनला कॉलेज हवं म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले. 1897 मध्ये व्हिक्टोरिया कॉलेजचा कायदा झाला. इथपर्यंत चित्र सरळ आहे: दारं उघडणारा सुधारक.

अडचण 1903 नंतर येते, ते न्यूझीलंड विद्यापीठाचे कुलपती झाल्यावर. हे विद्यापीठ शिकवत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. 1857 च्या मुंबई विद्यापीठाची घडण तुम्हाला माहीत असेल तर हा लंडनचा नमुना ओळखीचा वाटेल. न्यूझीलंडने मात्र आणखी एक पाऊल पुढे टाकलं होतं: पदवीच्या उत्तरपत्रिका तपासायला जहाजाने विलायतेला जायच्या. निकालाला महिनोन् महिने लागायचे, आणि वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःच्या विद्यार्थ्याची परीक्षा घेण्याचा अधिकार नव्हता.

व्हिक्टोरिया कॉलेजातलेच हंटर, लेबी आणि फॉन झेडलिट्झ हे प्राध्यापक याविरुद्ध उभे राहिले. 1911 मध्ये त्यांची बाजू मांडणारी पुस्तिका निघाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की परीक्षक सातासमुद्रापार असेल तर अभ्यासक्रमही तिकडूनच ठरतो, आणि मग शिकवणं म्हणजे नुसती घोकंपट्टी. त्यांना सगळ्यात ठाम विरोध कोणी केला? कुलपती स्टाउट यांनी. ज्या कॉलेजासाठी ते झटले, त्याच कॉलेजातून आलेली ही सुधारणा त्यांना नको होती.

‘योगदान’ लिहिणारा इथे काय करतो? एक तर हा वाद तळटीपेत ढकलतो, नाही तर ‘उतारवयात ते सनातनी झाले’ असं म्हणून मोकळा होतो. दोन्ही पळवाटाच. त्याऐवजी त्यांच्या विरोधाची स्पष्टीकरणं वेगवेगळी करून मांडा.

एक: ओळखपाळख नसलेल्या मुलाला वर आणलं ते परीक्षांनी. अनोळखी परीक्षक म्हणजे निःपक्ष परीक्षक, हा त्यांचा अनुभवाचा विश्वास असू शकतो. दोन: 1885 पासून ते विद्यापीठाच्या सिनेटवर होते; आपण चालवलेली व्यवस्था माणूस सांभाळतोच. तीन: लहान वसाहतीची पदवी ब्रिटनमध्ये तोलामोलाची मानली जाईल ना, ही धास्ती एकट्या स्टाउटांची नव्हती.

ही तीन कारणं एकमेकांत कालवू नका. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. पहिल्यासाठी 1903 च्या आधीची त्यांची भाषणं बघावी लागतील. दुसऱ्यासाठी सिनेटची इतिवृत्तं. तिसऱ्यासाठी वेगळ्या पार्श्वभूमीचे, पण त्याच बाजूने बोलणारे लोक शोधावे लागतील. सुखवस्तू घरातले सभासदही तेच म्हणत असतील तर पहिलं कारण एकटं पुरत नाही.

साधनांबद्दलही एक सांगतो. स्टाउट यांनी आयुष्यभर पुस्तिका जमवल्या आणि तो संग्रह व्हिक्टोरियाच्या ग्रंथालयात आहे. संशोधकाला ही मेजवानीच. पण काय ठेवायचं हे ज्याने ठरवलं, त्याच्याच वादाचा अभ्यास तुम्ही करताय, हे विसरू नका. विरोधकांचे कागद शेजारी ठेवूनच तो वाचा.

स्टाउट 1923 पर्यंत कुलपती होते आणि 1930 मध्ये वारले. पदवीच्या उत्तरपत्रिकांचा विलायती प्रवास त्यांच्या मृत्यूनंतरही लगेच थांबला नाही. खुद्द ते विद्यापीठ 1961 मध्ये विसर्जित झालं आणि कॉलेजांची स्वतंत्र विद्यापीठं झाली.

तेव्हा आज एवढं करा. तुमच्या प्रस्तावाच्या शीर्षकातून ‘योगदान’ काढा आणि तिथे वाद घाला. ‘सर रॉबर्ट स्टाउट यांचे शैक्षणिक योगदान’ याच्याऐवजी ‘परीक्षक कोण असावा? न्यूझीलंड विद्यापीठातील वाद, 1903 ते 1923’. माणूस तोच, कागद तेच. पण आता कुठली फाइल आधी मागवायची हे तुम्हाला नेमकं कळेल. आणि मार्गदर्शकांनी ‘यात नवीन काय?’ विचारलं, तर सांगायला काहीतरी असेल.