स्टेंटमधल्या अडथळ्यावर किरणोपचार

स्टेंट बसवलेली हृदयाची रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली, की तिच्यात किरणोत्सर्गी स्रोत काही मिनिटे ठेवून वाढत्या पेशींना आवर घालण्याच्या उपचाराला कोरोनरी ब्रॅकीथेरपी म्हणतात. त्याचा बहराचा काळ जेमतेम दहा वर्षांचा.

मूळ दुखणे अँजिओप्लास्टीइतकेच जुने. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये फुग्याने पहिली कोरोनरी रक्तवाहिनी रुंद केली. अशी रुंद केलेली वाहिनी अनेक रुग्णांत काही महिन्यांतच आक्रसे. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. स्टेंटच्या धातूच्या जाळीने आक्रसणे थांबवले, पण वाहिनीच्या भिंतीला झालेल्या इजेमुळे स्नायुपेशी वाढून जाळीच्या आतच थर धरू लागला. हा जखम भरून येण्याचा अतिरेक होता, आणि किरणांचा मारा तर विभाजन पावणाऱ्या पेशींवरच सर्वाधिक बसतो. उपचारामागचा तर्क एवढा सरळ होता.

काराकास येथे होसे कोंडाडो यांनी १९९४ मध्ये इरिडियम-१९२ची तार रुग्णांच्या कोरोनरी वाहिन्यांत वापरली. कॅलिफोर्नियातील ला होया येथे पॉल टिअरस्टीन यांच्या गटाने ५५ रुग्णांवर चाचणी घेऊन १९९७ मध्ये निष्कर्ष छापले: सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण किरण घेतलेल्यांत १७ टक्के, न घेतलेल्यांत ५४ टक्के. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेने गॅमा किरणांची इरिडियम पद्धत आणि बीटा किरणांची स्ट्रॉन्शियम-९० पद्धत, दोन्हींना मान्यता दिली. गॅमा किरण दूरवर जात असल्याने स्रोत आत असेपर्यंत कर्मचाऱ्यांना कॅथलॅबबाहेर थांबावे लागे. बीटा किरण काही मिलिमीटरच पोचत आणि काम तीन-पाच मिनिटांत उरके.

दोष मात्र लवकरच दिसले. किरणांमुळे वाहिनीचे आतले अस्तर उशिरा भरे आणि कित्येक महिन्यांनंतरही गुठळी होई, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालवाव्या लागत. किरण दिलेल्या भागाच्या कडांनाही वाहिनी अरुंद होई.

हा उपचार इथे पोचायचा तर किरणोत्सर्गी द्रव्य महाराष्ट्राला नवे नव्हते. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ पासून चालू होती आणि तिथल्या अणुभट्ट्यांत इरिडियम-१९२ तयार होई. खरी अडचण व्यवस्थेची होती. हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीला किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकतज्ज्ञ हवेत, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी, आणि इरिडियमचे अर्धायुष्य ७४ दिवसांचे असल्याने स्रोत सतत बदलायला हवा. असा उपचार मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाबाहेर पडणे कठीण. लोकल धरून मुंबई गाठणाऱ्या किंवा महामार्गाने पनवेल-पुण्याला जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या हृदयरोग्याला तो जवळ येण्याची शक्यता मुळातच कमी होती.

औषध लावलेल्या स्टेंटने चित्र पालटले. सिरोलिमस हे औषध लावलेल्या स्टेंटला २००२ मध्ये युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याला वेगळा तज्ज्ञ लागत नाही की शिशाची पेटी. कोणत्याही कॅथलॅबमध्ये तो कपाटात राहतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन तुलनात्मक चाचण्यांत स्टेंटमधल्या अडथळ्यावरही औषधी स्टेंटच सरस ठरले आणि किरणोपचार मागे पडला. आज तो अमेरिकेतील मोजक्या केंद्रांत, एकावर एक स्टेंटचे थर बसूनही वाहिनी बंद होणाऱ्या रुग्णांपुरता उरला आहे. इतरत्र औषध लावलेला फुगा किंवा दुसरा औषधी स्टेंट वापरतात.

रायगडच्या रुग्णाला या नव्या उपचारांहूनही मोठा आधार पैशाच्या बाजूने मिळाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता, आणि अँजिओप्लास्टी तिच्यात समाविष्ट होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये ठरवली.